हात आत

१

आमच्या हॉलमध्ये पिनबॉल खेळायला येणाऱ्याला मशीन फक्त वरून दिसतं. दिवे, रंग, काचेखाली धावणारी पोलादी गोळी आणि ती खाली पडू नये म्हणून दोन बटणांवर चाललेली स्वतःची झटापट. मला ते पोटातून माहीत आहे. पुढची पट्टी उचलायची, काच सरकवून बाहेर काढायची, गोळी काढून फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग खेळाची फळी मऊ कापडानं पुसायची आणि रबराच्या कड्या चाचपून सैल झालेल्या बदलायच्या. शेवटी फळी उचलून आधाराला टेकवायची आणि खाली पोटात हात घालायचा. तिथं वायरींचं जंजाळ असतं, कॉइली असतात आणि कॉइलींमधून झडलेली काळी भुकटी असते. ती एकदा बोटांना लागली की साबणालाही दाद देत नाही.

लग्नाआधी मी साधा बल्बसुद्धा बदललेला नव्हता. आज मला जे येतं ते थोरल्या जाऊबाईंनी शिकवलेलं आहे. शिकवताना त्या एकदाही ‘एवढंसुद्धा येत नाही का’ असं म्हणाल्या नाहीत. नवीन घरात बावरलेल्या मुलीला याचं काय मोल असतं ते मला विचारा.

त्यांनी सगळ्यात आधी शिकवली ती पुसापुशी नाही. हाक शिकवली.

आमच्या सासऱ्यांनी दुकानाखालच्या तळघरात हॉल थाटला तेव्हा सगळ्या मशिनांच्या वायरी भिंतीतून नेल्या आणि जिन्याच्या पायथ्याशी एका मोठ्या बटणाला जोडल्या. एकेका मशिनाची वीज वेगळी तोडायची सोयच नाही. म्हणून त्या बटणाखाली एक लाकडी स्टूल आहे. मशीन साफ करायला दोन माणसं लागतात. एक मशिनाशी, एक स्टुलावर. मशिनाच्या पोटात हात घालणाऱ्यानं ओरडायचं, “हात आत!” स्टुलावरच्यानं म्हणायचं, “आहे मी.” आणि पहिल्यानं ‘हात बाहेर’ म्हणेपर्यंत दुसऱ्यानं जागेवरून हलायचं नाही. दारात कुणी घसा फोडून ओरडत असलं तरी नाही.

ही शिस्त कशी लागली तेही सांगते. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. जाऊबाई कोपऱ्यातलं पाणबुडीचं चित्र असलेलं मशीन साफ करत होत्या आणि स्टुलावर थोरले भाऊजी होते. कुणी तरी दार वाजवलं. सुट्या भागांचं पार्सल आलं होतं. भाऊजी उठून गेले, पार्सलवाल्याशी दोन शब्द बोलले, परत आले आणि एव्हाना हिचं झालं असेल असं समजून त्यांनी बटण दाबलं. पाणबुडीच्या पोटात गुणांचे आकडे फिरवणारी मोटर आहे, तिला दातेरी चाकं आहेत. जाऊबाईंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं शेवटचं पेर गेलं. नंतर सगळं मशीन खोलून पाहिलं, पण ते पेर सापडलं नाही.

“जिवावरचं बोटावर निभावलं,” जाऊबाई म्हणायच्या. “आणि ते पेर आतच आहे, धाकटे. राखणीला ठेवलंय.”

त्या हसायच्या. भाऊजी हसायचे नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून हॉलचं बटण तर सोडाच, घरातल्या दिव्याचं बटणही कधी दाबलं नाही. संध्याकाळी त्यांच्या खोलीत कुणी जाऊन दिवा लावला नाही तर अंधारातच बसून राहायचे. घरी वरच्या मजल्यावरच्या टेबलाशी उजेडात कॉइली गुंडाळायच्या, एवढंच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात जाऊबाई छातीच्या दुखण्यानं गेल्या.

२

मशिनं काही सुतक पाळत नाहीत. दुपारी हॉल उघडायचा तर सकाळी ती पुसलेली हवीत. माझे मालक शाळेची बस चालवतात, ते सकाळी घरात नसतात. एखादा माणूस ठेवू या, असं ते म्हणाले होते. मी नको म्हटलं. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं बघायला माझं मन तयार नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी एकटीच जायला लागले. आधी बटण बंद करायचं, दोनदा बघायचं आणि मग मशिनाशी जायचं.

तरी पोटात हात घालताना तोंडातून हाक निघायचीच. “हात आत!” रिकाम्या हॉलमध्ये माझाच आवाज घुमायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं मेलेल्या बाईची सवय जितीला लागली होती.

त्या सकाळी मी पाणबुडीची फळी उचलली होती. हाक मारली आणि हात आत घातला.

ठक्.

या जुन्या मशिनांत एक ठोक्या असतो. खेळणाऱ्यानं एक खेळ फुकट जिंकला की एक कॉइल लोखंडी दांडी फेकते आणि ती पेटीच्या लाकडावर आपटते. आवाज असा येतो की नवखा माणूस दचकून मागे सरतो. तोच आवाज होता, फक्त हलका. मी हात बाहेर काढला आणि जिन्यापाशी जाऊन पाहिलं. बटण बंद होतं.

मी काही घाबरट बाई नाही. लाकूड थंडीत आखडतं, दांडीची स्प्रिंग जुनी आहे, फळी उचलताना धक्का लागला असेल. मी परत गेले, ठोक्याची दांडी शोधली आणि बोटानं ढकलून पाहिली. ठक्. अगदी तसाच आवाज आला. म्हणजे वीज नसताना ठोक्या वाजायचा असेल तर कुणी तरी बोटानं ढकलायला हवा. एवढं कळलं आणि तेवढ्यावर मी विचार थांबवला.

काम संपवून मी म्हटलं, “हात बाहेर.”

ठक्, ठक्.

संध्याकाळी मी मालकांना सांगितलं. ते जेवत होते.

“बरं झालं,” ते म्हणाले. “दिवसभर तुझ्याशी वाद घालायला कुणी तरी मिळालं. माझी सुट्टी.”

“थट्टा नाही करत मी.”

“मीही नाही करत.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “भीती वाटते का तुला? वाटत असेल तर उद्यापासून जाऊ नकोस.”

मला भीती वाटत नव्हती. तेच सांगायचं होतं, पण सांगता आलं नाही. खूप दिवसांनी कुणी तरी हाकेला ओ दिल्यासारखं वाटलं होतं.

३

त्यानंतर ते रोजचंच झालं. हात आत, एक ठोका. हात बाहेर, दोन ठोके. हाक कुठल्याही मशिनाशी मारली तरी उत्तर कोपऱ्यातल्या पाणबुडीतून यायचं. सुरुवातीला मी रोज एक नवं कारण शोधायचे, नंतर कारणं संपली. माणूस कशालाही सरावतो. मी बोलायलाही लागले. “ताई, रबराच्या कड्या फार लवकर सैल पडताहेत हो हल्ली.” “ताई, तुमचे हे नीट जेवत नाहीत.” याला उत्तर यायचं नाही. उत्तर फक्त हाकेला यायचं. त्यामुळे मला ते अधिकच खरं वाटायचं, कारण काम करताना गप्पा मारलेल्या जाऊबाईंना आवडत नसत.

एके दिवशी सकाळी वीज गेली. आख्ख्या गल्लीतच गेली होती. मी हॉलमध्ये पोचले तर काळोख. बॅटरी पेटवून दातांत धरली आणि पाणबुडीशी जाऊन कामाला लागले. सगळंच बंद असताना बटण कोण बघतं? मी बघितलं नाही. आमच्या धंद्यातला माणूस ही चूक अशीच करतो. अंधार दिसला की वीज नाही असं धरून चालतो.

“हात आत,” मी बॅटरीच्या आडून म्हटलं.

काहीच वाजलं नाही.

मी बॅटरी तोंडातून काढली. “हात आत!”

हॉल गप्प होता. वरच्या दुकानात कुणी तरी कपाट सरकवत होतं, तेवढाच आवाज.

मला राग आला. रागच आला, खरं सांगते. इतके दिवस सवय लावायची आणि आज गप्प बसायचं? माझा हात कडेवरून आत गेला होता, बोटं त्या दातेरी चाकांपाशी पोचली होती, तो मी मागे घेतला. “काय झालं, ताई?” असं म्हणत मी जिन्याकडे निघाले. स्टुलापाशी पोचले आणि बॅटरीचा झोत वर टाकला. बटण चालू होतं. काल हॉल बंद करताना तसंच राहिलं होतं.

तेवढ्यात वीज आली. सगळ्या मशिनांचे दिवे एकदम लागले आणि कोपऱ्यात, उघड्या पोटात, पाणबुडीची मोटर सवयीप्रमाणे एक पूर्ण फेरी फिरली. दात दातांत बसल्याचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला.

मी बटण बंद केलं आणि स्टुलावर बसले. दोन्ही हात पदरात घेतले. बोटं एकेक करून दाबून पाहिली. त्या हातांवर माझं घर चालतं, पण त्या वेळी मला घर आठवलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की कुणी तरी माझी इतकी काळजी केली. मी पोटभर रडले आणि मोठ्यानं म्हटलं, “ताई, तुमचे उपकार कसे फेडू?”

याला मात्र उत्तर आलं. एकच ठोका, फार हलका.

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

४

त्यानंतर काही दिवसांनी पाणबुडीच्या काचेवर डाग दिसला.

काचेवर डाग असणं यात काही नवल नाही. खेळणारे हात टेकतात, कोपर टेकतात, एक पोक्त गृहस्थ तर हरले की कपाळच टेकतात. मी ओलं फडकं फिरवलं. डाग गेला नाही. पुन्हा फिरवलं, तोंडाची वाफ देऊन घासलं. तसाच.

मग काच बाहेर काढली. डाग आतल्या बाजूनं होता.

एका बोटाच्या टोकाचा ठसा. काळ्या भुकटीतला, रेघा न् रेघा स्पष्ट. मधून एक बारीक तिरपी खूण गेलेली, जुनी जखम भरून येते तशी. मी माझी दहाही बोटं त्याच्याशी लावून पाहिली. माझं कुठलंच नव्हतं. तो पुसला आणि काच बसवली.

दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता. चार दिवसांनी टोकाच्या खाली दुसरं पेर उमटलं होतं, पुढच्या आठवड्यात आख्खं बोट. मग शेजारचं बोट. मी रोज पुसायचे आणि ते रोज जरा जास्त उमटायचं.

इथं मात्र माझी अक्कल मला टोचायला लागली. मी इतके दिवस ‘ताई, ताई’ करत होते. पण ताईंच्या हाताचा ठसा मी वर्षानुवर्षं काचेवर पाहिलेला होता. काच सरकवून बसवायला त्या तळहात टेकवायच्या, आणि त्यांचं पहिलं बोट मध्येच तुटलेलं उमटायचं. मी ते पुसताना दर वेळी हळहळायचे. या ठशातलं पहिलं बोट पूर्ण होतं. मग हे कोण होतं? मी रोज कुणाच्या भरवशावर पोटात हात घालत होते?

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पाणबुडीला वगळून बाकीची मशिनं पुसली आणि हाक न मारताच घरी आले. दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

५

शेवटी मी भाऊजींकडे गेले. ते खिडकीशी कॉइल गुंडाळत होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी त्यांची तार संपायची वाट बघावी लागते. मी वाट पाहिली आणि मग सगळं सांगितलं. ठोके, वीज गेली तो दिवस आणि ठसा. वीज गेल्याचं ऐकताना त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

“तुझा हात वाचला,” ते म्हणाले.

“हो, भाऊजी.”

“तो ठसा पुसलास?”

“आज नाही पुसला.”

ते उठले आणि चपला घालायला लागले. त्या हॉलमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

पाणबुडीपाशी ते बराच वेळ वाकून उभे होते. मी बॅटरी तिरपी धरली होती. काचेवर आता चार बोटं होती. त्यांनी पहिल्या बोटाच्या टोकावर, काचेच्या वरून, आपलं बोट ठेवलं.

“ही तिरपी खूण दिसते का तुला?”

“दिसते.”

“लग्नाच्या आधी पत्र्यानं कापलं होतं तिचं. मला दाखवायची आणि म्हणायची, माझी ओळख पटवायची तर एवढी खूण पुरे.” त्यांनी बोट उचललं नाही. “तू घरात आलीस तेव्हा हे पेर नव्हतंच. तू कुठून ओळखणार?”

“म्हणजे हे त्यांचंच?”

“तिचंच. गेलेलं.”

 राखणीला ठेवलंय, असं जाऊबाई हसत म्हणायच्या. ते जर खरंच इतकी वर्षं आत राहून राखण करत असेल, तर बाकीचा हात आता कुठून येत होता? आणि तो आला की पुढे? मी हे भाऊजींना विचारलं नाही. ते काचेकडे बघून रडत होते, आणि माणसाला त्याचं रडू पुरं करू द्यावं.

दुसऱ्या दिवसापासून तेही सकाळी माझ्याबरोबर यायला लागले. स्टुलावर मात्र बसले नाहीत. भिंतीशी एक खुर्ची घेऊन बसायचे, बटणापासून लांब.

६

ती सकाळ साधीच होती. सगळी मशिनं पुसून झाली होती, काचा बसवल्या होत्या. पाणबुडीत मात्र मी फडकं विसरले होते. फळीच्या मधोमध पिवळं फडकं पडलेलं काचेतून दिसत होतं. दिवे तपासून झाले की काढू, असं म्हणून मी जिन्यापाशी गेले आणि बटणावर बोट ठेवलं.

ठक्.

मी हाक मारली नव्हती.

“थांब,” भाऊजी खुर्चीतून म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “दाबू नकोस. कुणाचा हात आहे आत?”

“कुणाचा असणार, भाऊजी? आपण दोघंच तर आहोत.”

बोलता बोलताच मला कळलं. इतके दिवस हाक मी मारत होते आणि उत्तर तिकडून येत होतं. आज हाक तिकडून आली होती. मी विचारलं होतं, उपकार कसे फेडू, आणि एक ठोका पडला होता. एका ठोक्याचा आमच्यात एकच अर्थ होता: हात आत आहे, कुणी तरी राखणीला बसायचं. मी बोट उचललं. बटण तर नुसत्या स्पर्शानंही दाबलं जावं इतकं जुनं आहे.

भाऊजी उठून आले. त्यांनी माझं मनगट धरून मला बाजूला केलं, स्टूल पुढे ओढलं आणि बटणाखाली बसले. हात मांडीवर ठेवले. 

“आहे मी,” ते म्हणाले.

कोपऱ्यात काही तरी सरकलं. मी बॅटरी घेऊन गेले. जायला नको होतं, पण गेले. काचेखाली ते पिवळं फडकं हलत होतं. पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात, लहान लहान गोल, एक गोल दुसऱ्यावर अर्धा चढवत अलीकडे. जाऊबाई असंच पुसायच्या. मी इतकी वर्षं शिकून मला ते गोल तितके सारखे जमत नाहीत. फडकं एका रबरी कडीपाशी थांबलं, कडीच्या मागे गेलं, आणि त्याची कड क्षणभर उलटली. मला एक नख दिसलं. स्वच्छ, गुलाबी, नीट कापलेलं. त्याच्या मागे काय होतं ते बघायच्या आत मी बॅटरी खाली केली. मागे जे असायला हवं त्याला तिथं जागाच नव्हती.

त्याच वेळी हॉलचं दार वाजलं.

“पार्सल आहे!” बाहेरून आवाज आला. “कुणी आहे का आत?”

मी मागे वळून भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. दार पुन्हा वाजलं, या वेळी मुठीनं.

“अहो, सही लागेल!”

मी जाऊन उघडू शकले असते. पण मला वाटतं, ते मी उघडायचं नव्हतं. भाऊजी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून बसले होते. दारावर थाप पडली की त्यांचे खांदे वर यायचे आणि पुन्हा खाली बसायचे. ते उठले नाहीत. बाहेरचा माणूस काही तरी पुटपुटला, पार्सल पायरीवर टाकल्याचा आवाज आला आणि पावलं दूर गेली.

“आहे मी,” भाऊजी पुन्हा म्हणाले. “आहे इथंच. सावकाश कर.”

फडक्याचा आवाज थांबला. आम्ही वाट बघत राहिलो. माझे डोळे पाणबुडीवर होते, कान ठोक्याकडे.

ठक्, ठक्.

ते पाणबुडीतून आलं नाही. भाऊजी बसले होते त्या स्टुलाच्या लाकडातून आलं.

ते ताडकन उठले नाहीत, ओरडलेही नाहीत. डोळे मिटून बसून राहिले. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर काळ्या भुकटीचा पंजा उमटलेला होता. पाची बोटं पूर्ण.

“गेलं,” मी म्हटलं. 

“हं.” त्यांनी खांद्याकडे पाहिलं नाही. “बटण दाबू ना आता?”

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दाबलं.

७

तेव्हापासून हॉलमध्ये ठोक्या फक्त कुणी जिंकलं तरच वाजतो. काचेवर आतून डाग पडत नाहीत. मी हाक मारते आणि भाऊजी स्टुलावरून म्हणतात, “आहे मी.” सकाळी लवकर तयार होऊन तेच माझी वाट बघत असतात. जेवतातही नीट. मालक म्हणतात, दादा दहा वर्षांनी लहान झाला. मला जाऊबाईंची आठवण येते आणि तितकंच समाधानही वाटतं. त्यांच्या घरातल्या माणसाला त्यांनी सोडवलं. माझा हात राखला. आणखी कुणी काय करायचं?

घरात आता भाऊजी दिवे लावतात. फक्त लावण्याआधी थांबतात.

परवा संध्याकाळी मी त्यांच्या धुतलेल्या कपड्यांची चळत घेऊन गेले. खोलीत अंधारून आलं होतं. ते दाराशी उभे होते, हात बटणाजवळ, पण बटणावर नव्हता.

“हात बाहेर?” त्यांनी खोलीला विचारलं.

मी उंबऱ्यातच थबकले.  मग आतून, पलंगाच्या बाजूनं, लाकडावर दोन ठोके पडले.

त्यांनी दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. उशीपाशी त्यांचा चष्मा ठेवलेला होता, काचा लख्ख. त्यांनी तो उचलून उजेडात धरला आणि मला दाखवला.

“रोज पुसून ठेवते,” ते म्हणाले. “मला कधी जमलं का असं?”

“नाही जमलं, भाऊजी,” मी म्हटलं. मी कपडे ठेवले आणि बाहेर आले. मला त्यांचा हेवा वाटला, भीतीही वाटली, आणि दोन्हींपेक्षा जास्त बरं वाटलं.

स्वयंपाकघरात मिट्ट काळोख होता. मालक अजून यायचे होते, भात टाकायचा होता. मी सवयीनं बटणाकडे हात नेला. बोट बटणाला लागलं आणि तिथंच राहिलं. आपण उगाच पोरकटपणा करतोय, हे मला कळत होतं. तरी बोट उचललं.

“हात बाहेर?” मी हळूच विचारलं.

ओट्याच्या बाजूनं ठोका पडला. एकच.

मी दुसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. अंधारात ओट्यावरून काही तरी मऊ, गोल गोल फिरत होतं, पलीकडच्या कोपऱ्यापासून अलीकडे. मी दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि दोन्ही हात पदरात घेतले.

“आहे मी, ताई,” मी म्हटलं, आणि तिथंच उभी राहिले.